समूला अंडं चालत नाही

शाळेच्या स्वयंपाकखोलीत आम्ही दोघी असतो, मी आणि सुनंदाताई. तांदूळ निवडताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं. सुनंदाताई आपल्या सुनेचं सांगतात, टाकीवर पाणी भरायला आलेल्या बायका आपलं सांगतात, आणि फिरून माझी पाळी आली की सगळ्या म्हणतात, "छाया, तू अंड्याचं सांग."

बाकीच्यांना किस्सा आठवावा लागतो. मला फक्त कुठला सांगू एवढं ठरवावं लागतं. पोरीला एक पदार्थ चालत नाही, एवढीशी गोष्ट. पण ती भेटेल त्याला सांगावी लागते, आणि ज्याला सांगावी तो एक किस्सा हातात देऊनच जातो. नऊ वर्षांत ढीग झालाय. आधी सांगता सांगता मी मधेच उठून जायचे. आता मी हसवत सांगते. बायका म्हणतात, बाई पचवून बसली. त्यांना तसं वाटत असेल तर वाटू दे.

कडेगावपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. समूचे पप्पा, मिलिंद, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर असतात. आठवडाभर तिकडंच खोलीवर, सुट्टीला मोटरसायकलवर घरी. घरात मी, माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आत्यांच्या सात-आठ कोंबड्या, आणि आमची एकुलती एक सम्यका. सगळ्या गावाची समू.

* * *

समू दहा महिन्यांची असताना आत्यांनी तिला पहिल्यांदा अंड्याचा बलक भरवला. चमचाभरच. पाच मिनिटांत तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, एक डोळा सुजून मिटला. आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. "दिष्ट लागली पोरीला. लय गोरी हाय नव्हं." संध्याकाळपर्यंत गांधी उतरल्या. दृष्ट निघाली म्हणून सगळे निवांत झाले.

पंधरा दिवसांनी परत बलक दिला. परत गांधी, आणि यावेळी उलट्याही. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता सांगितली, सब्जाचं पाणी पाजायला लावलं. मला चैन पडेना. मी पोरीला घेऊन एसटीनं सांगलीला गेले, लहान मुलांच्या डॉक्टरांकडं. आत्या सोबत होत्या. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं, टेस्ट केली आणि सांगितलं, अंड्याची ऍलर्जी आहे. अंडं म्हणजे अंडं. केकातलं, बिस्किटातलं, कशातलंच नको. बऱ्याच मुलांचं मोठं होताना जातं, पण कधी जाईल ते सांगता येत नाही.

मी विचारलं, "डॉक्टर, माझं काही चुकलं का? गरोदरपणात मी काही खाल्लं म्हणून?"

"तुमचा काही संबंध नाही."

हे वाक्य मला आयुष्यात एकाच माणसानं सांगितलं. बाहेर येऊन मी आत्यांना म्हटलं, "ऐकलं ना? दृष्ट नव्हती."

आत्या म्हणाल्या, "दिष्टच हाय. पर अंड्याची."

* * *

दीड वर्षाची झाली तेव्हा गोवराच्या लशीचा दुसरा डोस होता. उपकेंद्रातल्या सिस्टरना मी आपण होऊन सांगितलं, हिला अंड्याची ऍलर्जी आहे. वाटलं, सांगितलेलं बरं. सिस्टरनी सिरिंज खाली ठेवली. "मग ही लस नाही देता येणार. हिच्यात अंड्याचं असतं. काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

मी सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अंड्याच्या ऍलर्जीत ही लस चालते, न दिली तर उलट धोका. चिठ्ठी लिहून देतो. परत एसटी, परत सांगली. चिठ्ठी आणली. सिस्टरनी उलटीसुलटी बघितली. "हिच्यावर शिक्का नाही."

परत सांगली. शिक्का घेऊन आले तर त्या दिवशी लसीकरणाचा वार नव्हता. पुढच्या वाराला समूला लस मिळाली. अर्धा तास थांबायला सांगितलं होतं, मी तासभर थांबले. समू बाकावर बसून पाय हलवत होती. काही झालं नाही.

सिस्टर आवराआवर करताना म्हणाल्या, "बघा, उगीच घाबरत होता. काही होत नाही या लशीनं."

* * *

समू तीन वर्षांची होती. मी शेतावर शेंगा काढायला गेले होते, समू आत्यांजवळ. दुपारी शेजारचा तानाजी मोटरसायकलवरून बांधावर आला आणि म्हणाला, "वहिनी, बसा. पोरगी कसंतरी करायलीया."

घरी आले तर पोरीचे ओठ सुजलेले, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज, आणि अंगावर गांधीच गांधी. आत्यांच्या मांडीवर पडलेली. आत्या म्हणत होत्या, "कायबी दिलं न्हाई मी. निस्ता दूधभात दिला."

तानाजीनं गाडी कशी मारली त्याचं त्याला ठाऊक. मधे मी, मांडीत समू, मागं आत्या. गाडीवर चौघं. सांगलीला पोचेपर्यंत पोरगी माझ्या हातात जड जड होत गेली. दवाखान्यात उचलून नेली, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. थोड्या वेळात तिनं डोळे उघडले आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मी खाली फरशीवर बसले.

डॉक्टर वही घेऊन आले. "काय खाल्लं होतं?"

"दूधभात," आत्या म्हणाल्या.

"आजी, खरं सांगा. पुढच्या वेळी काय टाळायचं ते कळायला पाहिजे."

आत्या पदराशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुधात घातलं व्हतं. वाईच. सगळी म्हणत्यात की इंग्लिश अंडी वाईट असत्यात, ती फारमातली. माजं तर घरच्या कोंबडीचं. म्हटलं त्यानं काय हुतंय."

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं.

"लिवा अंडं," आत्या म्हणाल्या. "पर गावठी लिवा."

मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी कोंबड्या विकल्या नाहीत आणि मीही विका म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून मी समूला त्यांच्याजवळ सोडून गावाबाहेर गेले नाही. त्यांना ते कळतं. मी ओटीवर चप्पल घालताना समूलाही घालायला लावते, तेव्हा आत्या मुद्दाम आत निघून जातात.

* * *

त्यानंतर डॉक्टरांनी आम्हाला इंजेक्शन शिकवलं. काचेची छोटी बाटली, तिची मान मोडायची, सिरिंजमध्ये औषध खुणेपर्यंत ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, आणि मग तडक दवाखाना गाठायचा. खूण त्यांनी स्वतः पेननं करून दिली. परदेशात म्हणे नुसतं दाबलं की टोचणारं पेनासारखं मिळतं. "आपल्याकडं हेच सोपं पडतं," डॉक्टर म्हणाले. सराव करा म्हणाले, आणि त्यासाठी तसल्याच पाण्याच्या बाटल्या दिल्या.

घरी आम्ही वांग्यावर सराव केला. मी चौथ्या वांग्याला बरोबर टोचलं. समूच्या पप्पांना जमेना. हा माणूस लेथवर केसाएवढा फरक नुसत्या बोटानं ओळखतो, सुपरवायझर दुसऱ्यांनी बनवलेले भाग तपासायला ह्यांच्याकडं देतात. पण बाटलीची मान मोडताना हात थरथरायला लागला. दोन बाटल्या फुटल्या, अंगठा कापला.

मी म्हटलं, "आवं, वांगं हाय ते."

ते म्हणाले, "मशीनवर आधी सँपल पीस काढून बघतो. चुकला तर भंगारात. हिथं सँपल पीस कुठाय?"

तेव्हापासून इंजेक्शनचा डबा माझ्याकडं. मी जिथं जाते तिथं डबा जातो. शेतात गेले तर झाडाला सावलीत टांगते.

* * *

आमच्या मागच्या आळीला एक माळकरी कुटुंब आहे. घरात मटण-अंडं तर सोडाच, कांदा-लसूणसुद्धा एकादशीला बंद. त्यांच्या नातीचा वाढदिवस होता आणि समू पहिल्यांदा एकटी कुणाच्या वाढदिवसाला जाणार होती. नवीन फ्रॉक घातला होता. मी पोचवायला गेले आणि केक बघून विचारलं, "वैनी, ह्यात अंडं नाही ना?"

वैनींचा चेहरा उतरला. "छाया, कुणाच्या दारात काय इचारावं ह्याची काय रीत हाय का न्हाई? आमच्यात अंडं ह्यो शब्दबी काडत न्हाईत."

मी खोका मागितला. खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं, फक्त बेकरीचा फोन नंबर. मी तिथंच फोन लावला आणि वैनींच्या घराचं नाव सांगून विचारलं. वैनींना ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला. चूक झाली माझी, पण केला.

बेकरीवाला म्हणाला, "मॅडम, एगलेस पाहिजे असलं तर आदल्या दिवशी ऑर्डर द्यावी लागते. रेडी केक सगळे अंड्याचेच असतात. तुमचं घर आमच्याकडून दरसालच नेतंय की."

वैनींनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. बाहेर ओट्यावर वैनींचे सासरे, म्हातारे आजोबा, बसले होते, गळ्यात माळ, मांडीवर वाढदिवसाची टोपी घातलेली नात. वैनी हळू आवाजात म्हणाल्या, "मामांच्या कानावर घालू नगंस."

समू केक कापायच्या आधीच माझ्याबरोबर घरी आली. त्यानंतर त्या घरातून तिला बोलावणं आलं नाही. केक दरवर्षी येतो. आजोबा आवडीनं खातात.

* * *

हा किस्सा मी शाळेत सांगत नाही. इथं सांगते.

सांगलीत समूच्या पप्पांचे सुपरवायझर राहतात. चांगली माणसं. त्यांच्या पोराच्या बारशाला आम्हाला जेवायला बोलावलं. मी आधीच वहिनींना फोन करून सगळं सांगितलं होतं: घरात अंडं होत असेल तर समूला वेगळं ताट-वाटी द्या, वेगळी घासलेली. वहिनी म्हणाल्या, काळजी करू नका. आणि खरंच त्यांनी फार जपून केलं होतं. नवं कोरं स्टीलचं ताट, वाटी, पेला. दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून व्हरांड्यातल्या फळीवर, कागद टाकून त्यावर ठेवलेलं.

मी आत बायकांत होते. समूचे पप्पा हात धुवायला व्हरांड्यात आले. त्यांनी फळी बघितली. वहिनी समोर होत्या. ह्यांनी विचारलं, "हे ताट बाहेर का ठेवलंय?"

वहिनी हसून म्हणाल्या, "तुमच्यासाठीच वेगळं काढलंय."

समूच्या पप्पांनी हात पुसले. समूला उचललं, बूट घातले आणि जाऊन मोटरसायकलवर बसले. मला आत बोलावणं आलं तेव्हा गाडी चालू होती. वहिनी दारात गोंधळून उभ्या. मी काय झालं ते न कळताच निघाले.

कुपवाड मागं पडलं. मग समूचे पप्पा म्हणाले, "माझ्या आज्याला मळ्यात चहाला अशीच बशी असायची. वळचणीला खोचलेली. त्यानं सोताच काढायची, पिऊन झालं की सोताच इसळून परत खोचायची."

मी म्हटलं, "अहो, ताट मीच सांगितलं होतं. अंड्यासाठी."

गाडी हळू झाली. मला वाटलं, वळवतील. वळवली नाही. दारात उतरताना म्हणाले, "हितनं पुढं आपलं ताट आपुन न्यायचं."

मी ते आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यानंबी शेवटाला त्येच केलं हुतं. आपली बशी खिशात घिऊन जायाचा."

* * *

समू पहिलीत गेली तेव्हा शाळेत स्वयंपाकाची जागा निघाली. मी बारावी झालेली, कुठंतरी ऑफिसात लागावं असं माहेरच्यांना वाटायचं. पण शाळेत राहिलं की पोरगी डोळ्यासमोर. मी अर्ज केला. सुरुवातीला दोन-चार घरांनी पोरांना घरून डबे दिले, माझ्या हातचं नको म्हणून. महिनाभरात खिचडीच्या वासानं पोरांनीच डबे बंद केले.

आणि मग आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं. दर बुधवारी.

म्हणजे दर बुधवारी मी शंभरावर अंडी उकडायची आणि सोलायची. ज्यांना नको त्यांना केळं. समूला केळं. अंड्याचे हात, अंड्याचा पदर. म्हणून मी समूला सांगून ठेवलं होतं, बुधवारी शाळेत मला हात लावायचा नाही, घरी जाऊन मी आंघोळ केली की मग जवळ यायचं. ती पाळायची. लांबूनच हात हलवायची.

एक नवीन मॅडम आल्या होत्या, साताऱ्याच्या. फार तळमळीच्या. एका बुधवारी त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं, दार लोटलं आणि बसायला सांगितलं.

"छायाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आज तुमची मुलगी वर्गात रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, आज मला आईला शिवायचं नाही. आजच्या काळात तुम्ही हे असलं पाळता? आणि मुलीच्या मनावर बिंबवता?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "मॅडम, ते तसलं शिवायचं नाही न्हवं. तिला विचारा, कुठल्या दिवशी शिवायचं नसतं."

समूला बोलावलं. ती म्हणाली, "दर बुधवारी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "दर बुधवारी?" म्हणाल्या. आणि डॉक्टरांना दाखवलं का, असं विचारलं.

मी मग सगळं सांगितलं. मॅडमनी माफी मागितली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वर्गात पोरगी का रडत होती, ते विचारायचं आम्हा दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

* * *

मध्ये वरूनच अंडी बंद झाली. का, ते आम्हाला कुणी सांगत नाही. गावात दुसऱ्या दिवशी बातमी: छायानं पोरीसाठी अंडी बंद करवली. पिठाच्या गिरणीत एकजण तोंडावर म्हणाली, "एकीच्या पोरीला सोसंना म्हणून आमच्या शंभर पोरांच्या तोंडातलं काडलंस व्हय गं?" मी म्हटलं, माझ्या हातात असतं तर मी सगळ्या पोरांना रोज दोन दिली असती. तिनं पीठ घेतलं आणि गेली.

दोन महिन्यांनी अंडी परत सुरू झाली. तेव्हा ती सुरू मी केली असं कुणी म्हणालं नाही.

* * *

हा शेवटचा. गेल्या वर्षीचा.

बुधवार होता. वरून मेसेज आला होता, अंडी वाटपाचा फोटो आजच्या आज अपलोड करा, फोटोत प्रत्येक मुलाच्या हातात अंडं दिसलं पाहिजे. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, सगळ्या पोरांना पटांगणात रांगेनं उभं केलं. मी स्वयंपाकखोलीत वाढायचं काढत होते. मला पटांगणातलं दिसत नव्हतं. पुढचं समूनं नंतर सांगितलं.

ती म्हणाली, "सर, मला चालत नाही."

सर म्हणाले, "तुला खायचं कुठंय? फक्त धरायचंय."

तिनं धरलं. सोललेलं अंडं. सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या फोटोत कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून दुसरा काढला. मग तिनं अंडं ताटलीत परत ठेवलं. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तिनं हात फ्रॉकला पुसले आणि आपलं केळं सोलून खाल्लं.

सुनंदाताईंनी मला हाक मारली तेव्हा समू व्हरांड्यात खांबाला धरून उभी होती. ओठ सुजलेले. खोकत होती, आणि "आई" म्हणाली तो आवाज तिचा नव्हता. मी डबा घेऊन धावले. वाटेत कळशीतलं पाणी हातावर ओतून घेतलं. चारी बाजूंनी मास्तर-मॅडम, पोरं. सर म्हणत होते, "ॲम्ब्युलन्सला फोन लावा, कुणीतरी लावा." मी बाटलीची मान मोडली, खुणेपर्यंत ओढलं आणि तिच्या मांडीत टोचलं. हात थरथरला नाही. तिला उचलून गाडीत बसले. सरांचीच गाडी होती. सर सांगलीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला मागं वळून बघायचे.

पोरगी वाचली. दोन दिवस दवाखान्यात ठेवली आणि घरी आणली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख चौकशीला आले. वयस्कर, शांत माणूस. सरांच्या खोलीत बसले, समोर मला बसवलं. फाईलमध्ये तो फोटो होता. सगळी पोरं हात वर करून हसतायत, समू तिसऱ्या रांगेत. तीही हसतेय. फोटो काढताना हसायचं असतं, एवढं तिला माहीत.

ते म्हणाले, "बाई, दोन कागद लागतात. एक पालकांचा जबाब, एक स्वयंपाकी मदतनीसांचा खुलासा. पालक तुम्हीच, मदतनीस तुम्हीच. एका खेपेत होऊन जाईल."

"आणि सरांचा?" मी विचारलं.

"सरांचं वेगळं असतं."

त्यांनी दोन्ही कागद आधीच लिहून आणले होते. अक्षर सुरेख होतं. स्वयंपाकिणीच्या कागदावर होतं, आहार वाटप करताना माझ्याकडून अनवधान झाले, यापुढे दक्षता घेईन. पालकांच्या कागदावर होतं, माझ्या मुलीस शाळेत अंडे खाण्यास दिलेले नाही, माझी कोणाहीविरुद्ध तक्रार नाही.

मी दोन्ही वाचले. परत वाचले. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"साहेब, पालकाची तक्रार असली तर?"

"असू शकते," ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "मग मदतनीस कामावर राहते का, ते बघावं लागतं. आणि ती कामावर नसली, तर बुधवारी पोरीजवळ कोण असणार, ते तुम्हीच बघा. विचार करून बोला. कोण म्हणून बोलताय, तेवढं आधी सांगा."

बाहेर मधली सुट्टी झाली होती. पोरांचा गलका. त्यात समूचा आवाज मला ऐकू येत होता, मोजत होती, लंगडीत कुणी किती गडी बाद केले ते.

मी पेन घेतलं. स्वयंपाकिणीच्या कागदावर माझं पूर्ण नाव लिहून सही केली. दुसरा कागद पुढं ओढला. केंद्रप्रमुखांनी त्यावर बोट ठेवलं.

"इथं जरा वेगळी करा. दोन्ही सह्या एकसारख्या दिसल्या तर वर विचारतात."

मी पेन खाली ठेवलं. टेबलावरचं शाईचं पॅड उघडलं, डावा अंगठा दाबला आणि पालकाच्या कागदावर उठवला.

ते अंगठ्याकडं बघत राहिले. मग माझी फाईल उलटून म्हणाले, "इथं तर तुमची बारावी झालेली लिहिलंय."

मी म्हटलं, "स्वयंपाकिणीची झालीय."